झाकलेला आकडा

आईने मला आकडा निवडायला सांगितला तेव्हा आम्ही दोघी वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होतो. एक तृतीयांश ते तीन यांच्यामधला कुठलाही, मनाला येईल तो. कुणाला सांगायचा नाही, तिलासुद्धा नाही.

आई अणूंच्या केंद्रकांवर काम करायची. मी मुद्रितं तपासते. तिच्या प्रयोगातलं मला समजलं ते एवढंच. एक विशिष्ट केंद्रक किती सहज न्यूट्रॉन पकडतं हे तिला मोजायचं होतं, आणि ते केंद्रक पाच-सात सेकंदांत मोडायचं. त्याच्यावर न्यूट्रॉन मारायला वेळ नाही. न्यूट्रॉनचा साठा करून त्यावर केंद्रकं सोडावीत, तर न्यूट्रॉनही साठवता येत नाहीत. म्हणून आडवाट. जड हायड्रोजनमध्ये प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जोडीने असतात. त्याच्या पातळ थरावर केंद्रकं सोडली की एखादं केंद्रक न्यूट्रॉन ठेवून घेतं आणि प्रोटॉन पुढे निघून जातो. मग ते खवळलेलं केंद्रक गॅमा किरण सोडून शांत होतं की न्यूट्रॉन परत फेकतं, ते मोजायचं आणि त्यावरून पकडण्याचा वेग काढायचा. "नवा शेजारी कसा आहे हे त्याला विचारून कळत नाही," आई म्हणायची, "त्याच्या दारातला कचरा बघावा."

या वेगाचा अंदाज तिने वीस वर्षांपूर्वी छापला होता आणि बाकीच्यांनी नाकं मुरडली होती. आपल्या अंदाजाकडे आपला हात झुकतो, हे ती जाणून होती. म्हणून माझा आकडा. तो मी प्रयोगशाळेतल्या संगणकात माझ्या परवलीच्या शब्दाने कुलूपबंद केला. प्रत्येक उत्तर त्या आकड्याने गुणूनच बाहेर यायचं. सगळ्या दुरुस्त्या संपल्यावरच कुलूप उघडायचं.

"आणि मी मागितला तरी द्यायचा नाही," ती म्हणाली. "मला ओळखतेस ना?"

वर्षाच्या आत ती आजारी पडली. एक दुरुस्ती राहिली होती. आडवाटेने आलेला न्यूट्रॉन केंद्रकाला जास्तीची गिरकी देतो, आणि तशा केंद्रकाला तो परत फेकणं अवघड जातं. ते गॅमा किरणच जास्त सोडतं, त्यामुळे पकडण्याचा वेग असतो त्याहून मोठा दिसतो. किती मोठा, ते काढायला महिने लागणार होते.

रुग्णालयात एका दुपारी मी तिची नखं कापत होते. तिने माझं मनगट धरलं.

"आकडा सांग."

मी विचारलं, गिरकीची दुरुस्ती झाली का.

"नाही. सांग तू."

"मग नाही, आई."

तिने मनगट सोडलं. "शहाणी आहेस," म्हणाली, आणि दुसरा हात पुढे केला. ते कौतुक होतं की टोमणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. चौथ्या दिवशी ती गेली.

राहिलेलं काम तिच्या जुन्या विद्यार्थ्याने पुरं केलं. आई त्याला 'सावकाश' म्हणायची, कारण कपभर चहा संपवायला त्याला अर्धा तास लागतो. सव्वा वर्षाने त्याने मला बोलावलं. आईच्या खुर्चीत केबलचं भेंडोळं होतं, ते उचलून त्याने मला बसवलं. मी परवलीचा शब्द टाइप केला. पडद्यावरचा बिंदू सरकला आणि थांबला. आईच्या अंदाजाची रेष वर होती. बिंदू तिच्या निम्म्यावर.

"बाई चुकल्या होत्या, ताई," सावकाश हळूच म्हणाला.

मी विचारलं, दुरुस्ती केली नसती तर? त्याने दोन कळा दाबल्या. बिंदू वर चढला आणि बरोबर आईच्या रेषेवर जाऊन बसला.

माझ्या आकड्याने गुणलेलं कच्चं उत्तर तिला तोंडपाठ होतं. त्या दुपारी मी आकडा सांगितला असता तर पडल्या पडल्या तिने भागाकार केला असता. ती बरोबर, बाकीचे चूक. चार दिवस तिला तेवढं पुरलं असतं, आणि ते खोटं होतं हे कळायला ती राहिली नसती.

सावकाशला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. तो चष्मा पुसत बसला. मग कामाचं बोलला. शोधनिबंधात बाईंची रेष ठेवायची की काढायची? काढली तर कुणी बोट ठेवणार नाही.

"ठेवा," मी म्हटलं. "आणि दुरुस्तीआधीचा बिंदूही."

तसा बिंदू पोकळ वर्तुळाने दाखवतात, तो म्हणाला.

चालेल, मी म्हटलं.