चाकांची कुंडी

कॅमेलियाच्या फुलझाडासाठी मी जमिनीत खड्डा खणला होता. उत्तरेच्या भिंतीपाशी, सकाळचं ऊन लागणार नाही असा. थंडीत कळ्या गारठतात आणि त्यावर एकदम ऊन पडलं की तपकिरी होऊन गळतात. पण आमचे हे आडवे आले.

"जमिनीत नको गं. नाजूक जात आहे. कुंडीत लाव, थंडी पडली की आत घेता येईल."

आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी खाली चाकं असलेली मोठी कुंडी घेऊन हजर! ज्या माणसाला तुळस आणि मिरची यातला फरक कळत नाही, तो! मी तर हरखूनच गेले. शेजारणीला दोनदा सांगितलं.

नळाचं पाणी कॅमेलियाला मानवत नाही, म्हणून मी पिंपात पावसाचं साठवलं. रोज संध्याकाळी कुंडी पडवीत, उजाडलं की बाहेर सावलीत. हिवाळ्यात सतरा कळ्या धरल्या. रोज मोजायचे, वेडीच झाले होते.

काल एक जोडपं दारात आलं. बाई थेट आत येऊन खिडकीला टेप लावायला लागल्या.

"पडद्यांचं माप घेते हं. काय सुंदर कळ्या! हे एवढं झाड तुम्ही नेणार ना? तुमचे मिस्टर म्हणाले होते. बाकी बाग आमच्याकडे."

"नेणार? कुठे?"

बाईंच्या हातातली टेप सर्रकन आत गेली. नवऱ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "अहो, यांना माहीतच नाही वाटतं."

ते गेल्यावर मी ह्यांच्यापुढे उभी राहिले. हे पेपर वाचत होते. वाचत कसले, पेपरामागे लपले होते.

"घर विकलंत?"

"अगं, जिना चढवत नाही आता. फ्लॅटला लिफ्ट आहे. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून तर विचारायचं असतं!"

"ओरडू नकोस. घर दोघांच्या नावावर आहे. करारावर सही तुझीच आहे की."

उन्हाळ्यात विम्याचे म्हणून कागद पुढे केले होते ह्यांनी. पोळ्या चालल्या होत्या, पीठ लागलं होतं हाताला. ह्यांनीच पुसून पेन हातात दिलं, बोट ठेवून जागा दाखवली. एकतीस वर्षं अशाच सह्या करत आले. वाचायचं कशाला, नवराच देतोय ना!

"कागद आणा."

"आता काय उपयोग?"

"आणा म्हणते ना!"

आणले. मी चष्मा लावला, ह्यांना समोर बसवलं आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले. माझं नाव आलं की थांबायचे, ह्यांच्याकडे बघायचे, पुढे जायचे. तिसऱ्या पानावर ह्यांनी मान खाली घातली.

"पुरे गं आता," हे म्हणाले.

अजून अकरा पानं होती. मी पान उलटलं.