वीतभर हॅल्विक

मी हॅल्विक जादूगार बोलतोय. खरा नव्हे, लाकडाचा. वीतभर उंच, करड्या दाढीचा. हातात काठी होती, ती कुत्र्याने चावून टाकली.

खरा हॅल्विक एका जाडजूड गोष्टीच्या पुस्तकातला. मला घडवलं अर्व्हो लाहतीने, मिनेसोटातल्या टू हार्बर्स गावी. अर्व्हो सुपीरियर सरोवरावरच्या मालजहाजावर खलाशी होता. सरोवर गोठलं की जहाजं बंदरात उभी राहत आणि अर्व्हो घरी येई. तेवढे दोन-अडीच महिने तो मुलांचा. बाकी वर्षभर दाराआडच्या खुंटीवर त्याचा कोटसुद्धा नसे.

मला घडवलं त्या हिवाळ्यात जेवणं झाली की तो शेगडीपाशी बसून मुलांना हॅल्विकची गोष्ट वाचून दाखवी. नऊ वर्षांची टिल्डा आणि सहा वर्षांचा रॉय. वाचून झालं की चाकू घेऊन मला कोरत बसे. मी पुरता घडायच्या आधीच रॉयने मला माशाच्या सूपमध्ये आंघोळ घातली होती.

रॉयच्या लेखी हॅल्विक म्हणजे देव. टिल्डाचाही जीव होता त्याच्यावर, पण तिचे कान भारी तिखट.

"बाबा, थांब जरा," एकदा ती म्हणाली. "हा सगळ्यांना सांगतो धीर धरा, धीर धरा. आणि स्वतःचा चहा गार झाला तर केवढा चिडतो!"

"म्हातारा आहे गं तो."

"म्हणून काय झालं? त्या सरदाराचं नाव तिसऱ्यांदा चुकला. आणि वर म्हणतो, मुद्दामच चुकलो!"

मोरीपाशी भांडी घासणारी एल्सी, मुलांची आई, तिथूनच म्हणाली, "आणि त्या बिचाऱ्या घोड्याला कधी चारा घातलेला वाचलाय का कुणी? अर्धं पुस्तक संपलं, नुसता पळवतोय मेला."

अर्व्हो इतका हसला, की चाकू घसरून माझ्या नाकाचा शेंडा उडाला. तेव्हापासून मी नकटा.

मग रोजचाच खेळ झाला. हॅल्विक कुणाची माफी मागत नाही. त्याला विचारलं नाही तर रुसतो, विचारलं तर कोड्यात बोलतो. "माझ्या हॅल्विकला नावं ठेवू नका!" म्हणून रॉय पाय आपटायचा. पण दुसऱ्या दिवशी तोच येऊन सांगायचा, "तो पाय न पुसताच घरात शिरतो." मला राग नाही आला. उलट त्या घरात मी जरा जास्तच घरचा झालो.

मार्च लागला. बर्फाला तडे जायला लागले. त्या संध्याकाळी गोष्टीत हॅल्विक पहाटे, सगळे सोबती झोपेत असताना, हळूच निघून गेला. अर्व्होने ते अगदी गंभीर आवाजात वाचलं.

"भित्रा," टिल्डा म्हणाली.

"भित्रा? अगं, अजगरासमोर एकटा उभा राहिला तो!" अर्व्हो म्हणाला.

"त्यात काय? रडणाऱ्या माणसासमोर उभं राहून दाखवू दे."

एल्सीचे हात पाण्यात थांबले. अर्व्होही दर वर्षी असाच जायचा. उजाडायच्या आत पिशवी उचलून, मुलं झोपलेली असताना.

"त्याला वाटत असेल," अर्व्हो हळू आवाजात म्हणाला, "उठवलं, तर पाय निघणार नाही."

"मागल्या वर्षी रॉय खिडकीत बसून होता. त्याला वाटलं, तू लाकडं आणायला गेलास. तू गेलास हे मला सांगायला लागलं त्याला." टिल्डाने मला घट्ट धरलं होतं. "मला."

अर्व्होने पुस्तक मिटलं. त्या दिवशी पुढे वाचलं नाही.

निघायच्या दिवशी त्याने दोघांना उठवलं. एल्सीने कॉफी आणि वेलचीचा पाव मांडला. रॉयने बापाच्या पायाला मिठी मारून घर डोक्यावर घेतलं. बाहेर त्याचा सोबती गाडीचा भोंगा वाजवत होता. अर्व्होचं नाक लाल, डोळे लाल. टिल्डा रडली नाही. तिने त्याच्या कोटाची बटणं लावली, तीही चुकीच्या काजात. तो तसाच गेला, बटणं न सुधारता.

पुढे तो म्हातारा होईपर्यंत जहाजावर होता. पण न सांगता पुन्हा कधी गेला नाही.

मुलं मोठी झाली. मी खोक्यात गेलो, खोकं माळ्यावर. किती हिवाळे गेले, मला कळलं नाही. अर्व्हो आणि एल्सी दोघंही गेल्यावर घर आवरताना रॉयच्या हाती लागलो. आता त्याच्याच डोक्यावर केस उरले नव्हते.

"ह्याला काचेच्या कपाटात ठेवू," तो म्हणाला. "बाबांची आठवण आहे."

"काचेत?" शेजारी खोकी भरणाऱ्या टिल्डाने विचारलं. "तो काय संत होता?"

"कोण? बाबा की हॅल्विक?"

"दोघंही नव्हते!" टिल्डा म्हणाली, आणि दोघं भाऊबहीण उघड्या खोक्यांमध्ये बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग नुसतं पाणीच येत राहिलं.

आता मी टिल्डाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो. रंग उडालाय, छातीला चीर गेलीय. शेजारची पोरं येतात, मला उचलतात, बडवतात.

माझं एवढंच मागणं आहे. पुढेमागे मी तुमच्या हाती आलो, तर मला उंचावर ठेवून हात जोडू नका. पोरांकडे द्या. त्यांना माझ्याबद्दल जे म्हणायचं असेल, ते माझ्या तोंडावर म्हणू द्या.