टाक्यामागं टाका

“वहिनी, हे शर्ट पुरुषांनी घालायचेत. त्यांच्या बायकांनी नाही,” शिंपीमास्तर म्हणाले आणि हसले. हसू अर्ध्यातच थांबलं, तेही तिला ऐकू आलं.

तिने हात पुढे केला. गठ्ठ्यातल्या वरच्या शर्टाची पट्टी चिमटीत धरून अंगठा खाली खाली नेला. काजं नीट होती. टाके दाट, कड गुळगुळीत, कुठे धागा सुटलेला नाही. फक्त ती उजव्या पट्टीवर होती, आणि पुरुषाच्या शर्टाला काजं डावीकडे असतात. शर्ट या खेपेला उलटे करून आले होते. उलटा शर्ट पुढ्यात धरला की डावं उजवीकडे जातं. शिवण वर आली आहे हे बोटांना कळायला हवं होतं. त्या दिवशी नाही कळलं. पहिला चुकला आणि त्याच्या मागोमाग सगळा गठ्ठा चुकला.

काज एकदा कापलं की बुजवता येत नाही.

“मास्तर, मी...”

“असू द्या हो. काजं राहू देत आता. नुसती बटणं लावा. डोळे मिळाले की पुन्हा काजं तुमचीच.”

मास्तर जाताना दार हळूच लोटून गेले. एरवी ते धाडकन लावायचे.

नवरा गावाच्या पाण्याच्या पंपावर होता. कामावर निघण्याआधी तो खिडकीशी बसून तिच्या सुया ओवून ठेवायचा. जाड बोटं, बारीक नाकं. जीभ दातांत धरून बसायचा आणि दोरा चुकला की पुटपुटायचा. मग सुयांच्या उशीवर रांगेने टोचायचा, डावीकडे पांढऱ्या, उजवीकडे काळ्या, मधे रंगीत. त्या संपल्या की लेक शाळेतून येईपर्यंत तिचं काम थांबे.

लेकीला घरात सगळे टकळी म्हणत, कारण तिचं तोंड झोपेतही चालायचं. ती पोटात होती तेव्हा आईच्या डोळ्यांत पहिल्यांदा खुपलं होतं. मूल हातात आलं, तोवर दोन्ही बुबुळांवर साय धरली होती. डोळ्यांपाशी नेलेलं बाळ म्हणजे उजेडाचा एक गोळा, त्यात दोन सावल्या. बुबुळ बदललं तर दिसेल, डॉक्टर म्हणाले होते. नाव लावून ठेवू, मिळालं की कळवू. त्याला आता इतकी वर्षं झाली की टकळी आईच्या खांद्याला लागली होती, आणि आईने तिचं तोंड अजून पाहिलं नव्हतं. कपाळ बोटांना पाठ होतं, हनुवटीवरचा व्रणही. पण व्रण म्हणजे तोंड नव्हे.

“आई, डोळे मिळाले की पहिलं कुणाला बघशील?”

“तुझ्या बापाला. किती टक्कल पडलंय ते लपवतोय माझ्यापासून.”

“अगं, केस आहेत की!” नवरा आतून ओरडायचा.

“नाहीत!” टकळी ओरडायची. “आई, मी सांगते, नाहीत!”

सासूबाई होत्या तेव्हा त्या कोपऱ्यात बसून पांघरुणाला ठिगळ लावता लावता देवाशी भांडायच्या. “बाबा रे, सुनेला डोळे दे. तुझ्या वेळेला दे, आम्ही कोण घाई करणार? पण मी आहे तोवर दे, एवढं बघ.” मग स्वतःशीच हसून सूर धरायच्या:

दोऱ्यामागं दोरा जाई, टाक्यामागं टाका,
देव बसला शिवाया, त्याला मारू नये हाका.

“शिवणाऱ्याला मधेच हाक मारली की काय होतं गं?” त्या विचारायच्या.

“टाका चुकतो.”

“मग? त्याचा चुकवू नकोस.”

दोनदा दवाखान्यातून बोलावणं आलं होतं. पहिल्यांदा तिला ताप होता, दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा पार आत नेलं, अंगात हिरवा झगा घातला, आणि मग कुणीतरी येऊन म्हणालं, आलेलं बुबुळ चांगलं नाही निघालं. ती झगा उतरवून, घडी घालून घरी आली. सासूबाई दारातच होत्या. तिचे हात हातात घेऊन नुसत्या चोळत राहिल्या, थंडीत चोळतात तसे.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. तिने त्यांना शेवटचं पाहिलं ते बोटांनी. मिटलेल्या पापण्या, वर आलेली गालफडं, अंगठ्यावरचा सुईचा घट्टा. तो अजून मऊ पडला नव्हता.

त्यानंतर तिची प्रार्थना आखूड झाली. देवा, लवकर. बटण लावताना, भांडी विसळताना, अंथरुणावर, एवढंच. टाक्याबद्दल सासूबाई काय म्हणायच्या ते तिला आठवायचं, पण तिला ते पटेनासं झालं होतं. शिवणाऱ्यालाही दिवेलागणीला काम आटपावंच लागतं की.

एका दुपारी टकळी सुई ओवत होती. दोरा ओला करता करता म्हणाली, “आई, तुला डोळे मिळायचे म्हणजे कुणीतरी मरायला पाहिजे ना?”

आईने बटण कापडावर टेकवलं.

“मग आपण देवाकडे काय मागतो?”

टकळीने पुढच्या क्षणी शाळेतलं काहीतरी सुरू केलं. तिच्या आईचा हात मात्र बटणावर तसाच राहिला. त्या रात्री अंथरुणावर ओठांवर आलेला शब्द तिने गिळला. लवकर म्हणजे कुणाचं लवकर? दुसरा शब्द सापडेना. शेवटी ती म्हणाली, देवा, तुझं चालू दे. आणि भिंतीकडे तोंड करून रडली, कारण असं म्हणणं म्हणजे टकळीचं तोंड हातचं सोडणं होतं.

बोलावणं पुन्हा आलं ते सकाळी, नवरा सुया ओवत असताना. त्याने सुयांची उशी तशीच तिच्या पिशवीत टाकली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दवाखान्यात जिन्याखालच्या बाकावर त्यांना बसवलं. औषधाचा वास, चाकांची कुरकुर, कुणाचं तरी खोकणं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणी बाई होती. ती रडत नव्हती. रडून संपलेल्या माणसासारखा तिचा श्वास अडखळत होता.

“कोण आहे तुमचं?” टकळीच्या आईने हळू विचारलं.

“लेक.” बाईने नाक ओढलं. मग, “गाडी घसरली. काल गेला. न्यायला बसलोय आम्ही. अजून देत नाहीत. भाऊ गेलाय विचारायला.”

ती बाकावरून थोडी बाईकडे सरकली.

“काल संध्याकाळी डोळे मागितले त्याचे. दिले. म्हटलं, कुठेतरी उघडे राहतील.” बाईने मांडीवर काहीतरी चाचपलं. “हा शर्ट दिला परत. चांगला होता, नवाच. घाईत उघडला त्यांनी. बटण तुटलं. हाच घालून न्यावं म्हणते त्याला. पण असा उघडा... थंडी वाजायची त्याला फार.”

तुम्ही इथे कशाला, असं बाईने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. काल किती जणांनी डोळे दिले असतील, कुणाचे कुणाला जातील, तिला काय ठाऊक? तिला कळून घ्यायचंही नव्हतं.

“आणा इकडे,” ती म्हणाली. “बटण आहे ना?”

बाईने तिच्या तळहातावर बटण ठेवलं. ते मुठीत धरून धरून गरम झालं होतं.

नवऱ्याने न विचारता उशीवरची पांढऱ्या दोऱ्याची सुई काढून तिच्या बोटांत दिली. तिने शर्ट मांडीवर घेतला. आधी शिवण चाचपली. सुलटा होता. काजं डावीकडे, बटणं उजवीकडे. छातीवरची जागा रिकामी, तुटक्या धाग्यांची कुसळं तेवढी. ती तिने उपटून टाकली आणि पहिला टाका घातला.

जिन्यावरून चपला वाजत आल्या.

“बुबुळाच्या पेशंट कोण? डॉक्टर थांबलेत. चला, लवकर चला.”

शेजारच्या बाईचा श्वास थबकला. मग तिचा हात अंधारातून आल्यासारखा आला आणि शर्टाच्या कॉलरवर टेकला. तिने शर्ट ओढून घेतला नाही.

“ऐकू येत नाही का? अहो बाई, लवकर...”

“सिस्टर,” नवरा म्हणाला. आवाज चढवणं त्याला जमायचं नाही, आताही जमलं नाही. “हाका मारू नका जरा. ती शिवतेय.”

चपला तिथेच थांबल्या.

तिने चारही भोकांतून दोरा दोनदा फिरवला, बटणाच्या मानेभोवती वेढे घेतले, मागे गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला. मग बटण अंगठ्याने एकदा ओढून पाहिलं. घट्ट बसलं होतं.