माझ्या पाऱ्यातली फट

मित्रांनो, मी एक जुना उष्णतामापक आहे. काचेची बारीक नळी आणि पोटात पारा, एवढाच माझा संसार. जर्मनीत घडलो, बोटीने मुंबईला उतरलो आणि सन १८९० च्या सुमारास कल्याणला भाऊमास्तरांच्या घरी आलो. माझे काम कढत तेलात बुडी मारण्याचे, पण स्वभाव भित्रा. काचेचा जीव, भ्यायला नको?

भाऊमास्तर शाळेत शास्त्र शिकवत. त्यांची धाकटी बहीण उत्तरा विधवा होऊन माहेरी आली होती. मास्तर तिला रसायन शिकवू लागले. शेजारच्या रंगूबाई म्हणत, "जपमाळ ओढायची सोडून काचा कसल्या हाताळते?" मास्तर वरवर हसत, पण मनातून कचरत.

एकदा मुंबईच्या एका डॉक्टरांनी नव्या पदार्थाची पांढरी पूड पाठवली. ती शुद्ध करून किती अंशांवर वितळते ते कळवायचे होते. उत्तराने चार दिवस खपून ती गरम स्पिरिटात विरघळवली आणि पुन्हा तिचे खडे जमवले. मग पुडीची नळी आणि मी, दोघांना दोऱ्याने बांधून तिने तेलात सोडले. १४५ अंशांवर पूड वितळली, पण दुधासारखी गढूळ राहिली. १७८ वर एकाएकी नितळ झाली. निवताना तिच्यात निळी-जांभळी झाक चमकली. दोनदा वितळणारे असे काही मी जन्मात पाहिले नव्हते. मी घाबरून गेलो.

"शुद्ध वस्तू एकदाच वितळते. यात मेणबत्तीचं मेण पडलंय," मास्तर म्हणाले.

"शपथ घेऊन सांगते भाऊ, काही पडलं नाही."

"भेसळ असली की वस्तू लवकर वितळते. उद्या परत धुऊन बघू. आकडे वर चढले, तर भेसळच होती म्हणायची. मग हे सगळं बंद. रंगूबाई म्हणतात तेच खरं ठरेल."

असे म्हणत त्यांनी मला टेबलावर आपटले. माझ्या पाऱ्याच्या धाग्यात तिळाएवढी फट पडली. कुणाच्याच लक्षात आले नाही.

दुसऱ्या दिवशी धुतलेली पूड आणि मी पुन्हा तेलात. १४९. मग १८२. मित्रांनो, मी खोटे बोलत होतो आणि मला थांबता येत नव्हते! त्या पोरीचे शिक्षण माझ्यामुळे सुटणार, या धास्तीने मी गारठलो, तेही कढत तेलात.

"चढले आकडे. आटपलं," मास्तरांनी तेलाखालचा दिवा विझवला.

 पण उत्तराने चारही आकडे पाटीवर लिहिले. "भाऊ, मेण धुऊन निघालं असतं, तर दोन्ही आकडे बरोब्बर चार-चार अंशच कसे चढले असते? याला आधी उकळत्या पाण्यात घालू या."

"याला? अगं, जर्मनीचा आहे तो!"

तरी पाणी उकळले. मी १०४ दाखवले. चोरी पकडली गेली! आता माझी रवानगी उकिरड्यावर, असे मी धरून चाललो. उत्तराने मला खिडकीशी धरले. "ही बघा फट. वरचा पारा तेवढाच वर सरकलाय."

मास्तरांनी टेबलाकडे पाहिले आणि मान खाली घातली.

उत्तराने लुगड्याच्या पदराची घडी केली आणि मला तिच्यावर हलके हलके ठोकू लागली. दर ठोक्याला वाटे, संपलो. सातव्या ठोक्याला पारा जुळला. उकळत्या पाण्यात १००. मग पुन्हा पूड: १४५ आणि १७८. पूड शुद्धच होती. मध्येच गढूळ राहणे हा तिचा स्वभावच होता.

मास्तर म्हणाले, "उत्तरा, डॉक्टरांना पत्र तू लिही. खाली सहीही तुझीच कर."

मित्रांनो, काचेच्या वस्तू जपून ठेवा, रागाच्या भरात आपटू नका. आणि एखाद्यावर ठपका ठेवण्याआधी आपल्या हातातले माप तपासा. मी आता कपाटात असतो. फुटण्याची भीती केव्हाच गेली. पण पुन्हा कधी माझ्यात फट पडली आणि पाहायला उत्तरा नसली तर, या विचाराने मी अजून घाबरतो.