पहिला फटका बापाचा

आर्तेम्यो लाक्सामाना, म्हणजे आपला तेम्यो, मंडळाचं गुणगान सुरू करायचा, तेव्हा घरातलं मांजरसुद्धा उठून बाहेर जायचं. कॉलेजात असताना हा मंडळात शिरला, प्रवेशाचे फटके खाऊन मांड्या काळ्यानिळ्या करून घेतल्या, आणि त्यानंतर सव्वीस वर्षं याला कुठल्या रांगेत उभं राहावं लागलं नाही. कोर्टात बेलिफाची नोकरी लागली, कारण तिथला साहेब ब्रॉड निघाला. मंडळातले सगळे एकमेकांना ब्रॉड म्हणतात, म्हणजे भाऊ. बायको नेनिता बाळंतपणात अडली तेव्हा खच्चून भरलेल्या हॉस्पिटलात खाट मिळाली, कारण डॉक्टर ब्रॉड. बदली, पासपोर्ट, मेहुण्याचं परमिट, सगळीकडे ब्रॉडच. सख्ख्या भावांनी केलं नसतं ते मंडळाने केलं. खरं ते खरं, उगाच खोटं कशाला बोलू!

पण म्हणून पोराला त्यात ओढायचं?

पोरगा जेरिक, एकोणीस वर्षांचा, जहाजाच्या इंजिनाचं शिकत होता. त्याला मंडळबिंडळ काही नको होतं.

“तातय, मला मशीन कळतं,” तो बापाला म्हणाला. “जहाजावर लागेन मी. समुद्रात कोण विचारतो मंडळ?”

“समुद्रात कोणी विचारत नाही रे शहाण्या, पण समुद्रापर्यंत पोचवणार कोण?” तेम्यो खेकसला. “भरतीच्या एजन्सीत खुर्चीवर ब्रॉड बसलाय आपला. बाकीची पोरं मनिलाच्या फुटपाथवर महिनोन्महिने ताटकळतात. तू सरळ आत.”

“आणि मारतात त्याचं काय?” नेनिताने भात ढवळता ढवळता विचारलं.

“मारतंय कोण? मी आहे ना तिथे! ब्रॉडच्या पोराला पहिला फटका बापाचा, अशी रीत आहे आमची. बापाचा फटका मंडळाने मान्य केला, की पोरगा सुटला. बाकीचे सगळे माफ.”

“आणि नाही मान्य केला तर?”

“तर बाकीच्यांचे पाच, आणि पुन्हा बापाची पाळी. पण ते ऐऱ्यागैऱ्याला गं. माझ्यापुढे कालची पोरं काय तोंड उघडणार?”

नेनिताचा भात त्या दिवशी करपला.

रविवारी दुपारी मासळीच्या तळ्याकाठी, बांबूच्या छपराखाली सगळे जमले. एका बाजूला शेगडीवर डुकराचं मांस तडतडत होतं, जुने ब्रॉड जिन घेऊन गप्पा हाणत होते. मधे जेरिक, डोळ्यांना पट्टी, दोन्ही हात खांबाला धरलेले, पार्श्वभाग मागे. पोरांचा म्होरक्या रेन्झो, वकिलीच्या शेवटच्या वर्षाचा, अगदी अदबीने पुढे आला आणि लाकडी वल्हं त्याने तेम्योच्या हातात दिलं.

“घ्या, कुया. थोरला भाऊ तुम्ही, मान तुमचा.”

तेम्योने वल्हं उचललं. पोराच्या मानेवर घामाचा थेंब होता. तो दिसला आणि याचा हात ढिला पडला. फटका वाजला, पण घोंगडी झटकल्यासारखा.

“माफ करा हं, कुया,” रेन्झो म्हणाला. “नाही बसला.”

“अरे, काय चेष्टा चाललीय? माझा पोरगा आहे तो!”

“म्हणूनच तर. गेल्या वर्षी त्या कस्टमवाल्याच्या पोराच्या वेळी ‘नाही बसला’ म्हणून सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं होतं? तुम्हीच ना?”

जुने ब्रॉड खो खो हसले. ओरडला होता खरा तेम्यो, जिनचा पेला उंचावून.

पाच पोरं पुढे आली. तरणीबांड, दंड कमावलेली. पहिल्या फटक्याला जेरिक पंजांवर उभा राहिला. दुसऱ्याला त्याच्या घशातून जनावरासारखा आवाज निघाला. तिसरा मांडीवर बसला, तिथली कातडी फाटली आणि पँटवर ओला डाग पसरायला लागला. चौथ्याला गुडघे वाकले. दोघांनी काखेत हात घालून त्याला उभं केलं आणि पाचवा घातला. मांस परतणाऱ्या माणसाने मागे वळूनही बघितलं नाही.

पुन्हा बापाची पाळी. या वेळी तेम्योने दात आवळून मारला. पण डोळे मिटून मारला तो मेल्याने! वल्हं खांबाला घासून गेलं.

“नाही बसला,” रेन्झो म्हणाला. “वाईट वाटतं कुया, पण नाही.”

पुन्हा पाच. हे मोजवत नव्हते. पोराच्या ओठांतून रक्त येत होतं, जीभ चावली गेली होती. मांड्या पिकलेल्या वांग्यासारख्या झाल्या होत्या आणि त्या वांग्यावरच पोरं मारत होती. “हाण! हाण!” म्हणून जुने ताल धरत होते.

मग रेन्झोने जेरिकच्या डोळ्यांवरची पट्टी वर सरकवली.

“नको असेल तर जा घरी, जेरिक. जबरदस्ती नाही. फक्त तातयचं नाव यादीतून जाईल. पोराने पाठ दाखवली की बापाचंही नाव कटतं.”

जेरिकने बापाकडे बघितलं. चल म्हण, एवढंच होतं त्या डोळ्यांत. एक शब्द पुरला असता हो! वल्हं फेकून, पोराच्या खांद्याखाली हात घालून तेम्यो त्या छपराबाहेर पडला असता, तर कोणी त्याला अडवलं नसतं. पण त्याला कोर्टाची खुर्ची दिसली, ती हॉस्पिटलची खाट दिसली, आणि तो गप्प राहिला.

पोराला कळलं. त्याने पुन्हा खांब धरला.

“मारा, तातय,” तो म्हणाला. “जोरात मारा. संपवून टाका एकदाचं.”

आणि तेम्योने मारला. सव्वीस वर्षांचं सगळं बळ एकवटून मारला, या फटक्याने पोरगा सुटणार म्हणून मारला. नेमके त्याच वेळी जेरिकचे गुडघे गेले. वल्हं मांडीवर बसायचं ते कमरेच्या वर, पाठीत बसलं. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज आला.

“बसला!” सगळे ओरडले. टाळ्या काय, शिट्ट्या काय! पोरांनी जेरिकला मिठ्या मारल्या, बिअर ओतली, “ब्रॉड! ब्रॉड!” म्हणून खांद्यावर घेतलं. तो हसलासुद्धा. मग ओकला. मग लालभडक लघवी झाली, आणि मग तो कोणालाच ओळखेना.

सोमवारी सकाळी नऊला हॉस्पिटलात जेरिकने प्राण सोडला. डॉक्टर ब्रॉडने कागदावर मोटारसायकलचा अपघात लिहिला आणि तेम्योची पाठ थोपटली.

“काळजी करू नको. तुझं नाव कुठेच येणार नाही.”

तेम्यो तिथून चालत पोलीस ठाण्यात गेला. ठाणेदार मेजर तुआसोन मंडळातला, याच्याच तुकडीचा.

“मी मारलं त्याला,” तेम्यो म्हणाला. “लिही.”

“बस, ब्रॉड. पाणी घे.”

“लिही म्हणतोय ना! माझ्या हाताने मारलं!”

“दुःखाने डोकं फिरलंय तुझं. पोरगा मोटारसायकलवरून पडला.”

तेम्योने टेबलावरून झेप घेऊन त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. ओठ फुटला, दात हलला. दोन शिपाई धावत आले. तुआसोनने हातानेच त्यांना थांबवलं.

“राहू दे. घरचा माणूस आहे.” रुमालाने रक्त पुसून तो म्हणाला, “शवपेटीची गाडी मी पाठवतो.”

तेवढ्यात नेनिता दारात आली. हॉस्पिटलातून सरळ आली होती, पायांत चप्पल नव्हती.

“पोराच्या पाठीवर वळ आहेत,” ती तुआसोनला म्हणाली. “लाकडाचे. मोटारसायकल असं मारत नाही. तक्रार लिहून घ्या. कोणी मारलं माझ्या जेरिकला?”

“मी,” तेम्यो म्हणाला.

तुआसोन घाईने काहीतरी समजवायला लागला. नेनिताला ते ऐकूच गेलं नाही. ती नवऱ्याकडे बघत राहिली आणि तिचा विश्वास बसला. कोपऱ्यातला शिपायाचा दंडुका तिने उचलला, दोन्ही हातांनी डोक्यावर नेला. तेम्योने मान खाली घातली.

शिपायांनी तिला मागून धरलं. ती किंचाळत होती, लाथा झाडत होती, एकाच्या मनगटाला चावली.

“सोडा तिला!” तेम्यो ओरडला. “मारू द्या! अरे, तिला तरी मारू द्या!”

“वेडा झालास का, ब्रॉड?” तुआसोन त्याच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. “आम्ही असताना तुझ्या केसाला धक्का लागेल?”

आणि तिच्या हातातून दंडुका काढून घेतला गेला.