काका गेले

पोलादपुरात नगरसेवक असताना मोरूशेठने एक मयत चुकवलं नाही. लग्नाला आमंत्रण लागतं, मयताला कसलं आलंय आमंत्रण! कुणी गेल्याचं कानावर पडायचा अवकाश, हा पांढरा शर्ट चढवून तिरडी बांधायला हजर. असा खांदा देत देत गडी थेट खासदार होऊन दिल्लीला पोचला.

पण तिथं खांद्याला कोण विचारतो? वर्ष उलटलं तरी संसदेत स्वारीच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. शेवटी एकदाची पाळी आली. त्या दुपारी वरंध घाटाच्या रस्त्यावर बोलायचं होतं.

सकाळी आशीर्वाद घ्यावा म्हणून त्याने भागोजीकाकांच्या घरी फोन लावला. याला बोट धरून राजकारणात आणलं ते या काकांनीच. फोन बनुकाकीने घेतला.

"काकी, काकांना दे जरा."

"अरे, काका गेले. वरंधला, अपेक्षाकडं."

अपेक्षा म्हणजे काकांची लेक. मोरूचा हात सवयीने पांढऱ्या शर्टाकडे गेला. "कधी?"

"सकाळीच. मी म्हटलं नका जाऊ, पण ऐकतायत कुठं!"

"रडू नको काकी, निघालोच मी," म्हणत त्याने फोन ठेवला. काकी कुठं रडत होती? पण दुःखातल्या माणसाला जास्त बोलू द्यायचं नाही, हे याचं जुनं शहाणपण.

आता भाषणाचं काय? भाषण पुन्हा करता येईल, काका पुन्हा कुठून आणू, असं म्हणून पठ्ठ्या विमानाने पुण्याला उतरला, भलामोठा हार घेतला आणि भोरवरून घाटाच्या वाटेला लागला. खड्ड्याखड्ड्याला डोकं गाडीच्या टपाला आपटत होतं आणि हा काकांसाठी रडत होता.

अपेक्षाच्या दारात चपलांचा ढीग. मोरूने हार दोन्ही हातांवर घेतला, आत पाऊल टाकलं आणि हंबरडा फोडला, "काकाऽऽ!"

"गप रे, ऐकू दे!" आतून काकांचाच आवाज आला.

अख्खी आळी टीव्हीसमोर बसलेली, मधोमध खुर्चीत काका. त्यांनी मान वळवली. "मोरू? तू हितं कसा? तू तर त्याच्यात दिसायला पायजेस!"

"बाबा तुझं भाषण बघायला आलेत, मोरूदादा," अपेक्षा म्हणाली. "आमचा टीव्ही मोठा हाय ना."

काकांची नजर हारावर गेली. "कुणाच्या मयताला आलास?"

"तुमच्या."

हसून हसून घर दणाणलं. काका मात्र हसले नाहीत.

"मी खरंच मेलो असतो ना, तरी तू तिथंच थांबायचं होतंस. मला खांदा कुणीपण दिला असता रे. या रस्त्यासाठी बोलायला आमी तुझ्याशिवाय कुणाला धाडलंय?"

मोरूची मान खाली गेली. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

काकांनी टीव्ही बंद केला आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"हं, बोला खासदार. आधी आमच्यासमोर बोलून दाखवा. मग उद्याच्या उद्या परत जा."