माहूरला न गेलेली बस

माझ्यावानी येडा माणूस अख्ख्या लोहा तालुक्यात हुडकून सापडायचा न्हाई. माझं नाव भुजंग. बोरवाडीत आमचं देशी दारूचं दुकान होतं आणि ते बंद पाडणाऱ्या बायांना मीच बस करून दिली, वर दुपारच्या जेवणाचे डबेबी बांधून दिले. हसा, खुशाल हसा! पण त्या दिवशी म्या जे बघितलं, ते आठवलं की माझे तर हातच जुळतात.

दुकान काल-परवाचं नव्हं. निजामाच्या राज्यात माझ्या आज्यानं शिंदीचा गुत्ता घेतला होता. तवा दुकान म्हंजी चार शिंदीची झाडं, खाली चटया आन मडकी. माणसं शेतातून यायची, द्रोणात शिंदी घ्यायची, पहिला घोट भुईला सांडायची आन मग बोलत बसायची. किती सोयरिकी तिथं जुळल्या, किती बैलांचे सौदे तिथं झाले. पुढं झाडं गेली, सरकारी परवाना आला, बाटल्या आल्या. बसायची जागा गेली आन एक लोखंडी जाळीची खिडकी राहिली. माझे वडील, आबा, वारले तवा मी चौथीत. माझी माय, साखराबाई, त्या खिडकीत बसली ती तीस वर्षं. ती म्हणायची, "तुझ्या आज्याच्या गुत्त्यात माणूस बसायचा रं. माझ्या खिडकीम्होरं नुसता पडतोय."

आमच्या गावची एक रीत होती. कुणाची बायको दुकानाचा ओटा चढायची न्हाई. दिवस कलला की बाया रस्त्याच्या पल्याड लिंबाखाली येऊन उभ्या राहायच्या आन तिथूनच हाक द्यायच्या, "चला घरी." बस्स, तेवढंच. शिवी न्हाई, रडणं न्हाई. कुणी उठायचं, कुणी न्हाई. माय जाळीतून त्यांच्याकडं बघत राहायची. तिच्या मनात काय चाललंय, ते म्या कधी इचारलं न्हाई.

गेल्या साली आमच्या अंगणवाडीच्या सिंधुबाईनं अर्ज दिला आन गावात बाटलीचं मतदान लागलं. मत फक्त बायांचं. कागदावर दोन चित्रं. उभी बाटली म्हंजी दुकान राहू द्या, आडवी म्हंजी बंद करा. नियम असा की यादीतल्या निम्म्याहून जास्ती बायांनी आडवी केली तरच दुकान बंद. यादीत आठशे बारा बाया. म्हंजी आडवीला चारशे सात पाहिजेत. आन जी बाई आलीच न्हाई, तिचा फायदा उभ्या बाटलीला!

हे कळलं आन माझं डोकं लई जोरात चाललं. कुणाला दम द्यायचा न्हाई, कुणाच्या पाया पडायचं न्हाई. त्या दिवशी बायांना माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला धाडायचं, फुकट. कोण नको म्हणल? आमच्याकडं एकदा देवीच्या वाटेला लागलेलं माणूस माघारी फिरत न्हाई, मग घराला आग लागू दे. माझा सगळा भरवसा ह्या रितीवर. मायला म्हणलो, "तू म्होरं हो. तुझा शब्द कुणी मोडायचं न्हाई."

मायनं जाळीतून लिंबाकडं बघितलं. मग म्हणली, "हाव, जाऊ की."

मला वाटलं, जिंकलो.

सकाळी सातला बस निघाली, रातीशिवाय माघारी यायची नव्हती. बावन्न बाया, त्यात माय आन माझी बायको लता. सगळ्यांच्या हातात देवीच्या ओटीचे खण-नारळ. दुपारी म्या फोन लावला तर माय म्हणली, "दर्शन झालं. लई प्रसन्न वाटून राहिलं." इकडं शाळेत मतदान चालू. पाचला बंद व्हणार होतं. चारला खबर आली, तीनशे बासष्ट झाल्यात. सिंधुबाई फाटकापाशी उभी होती, तोंड पार उतरलेलं. म्या पेढे आणायला माणूस धाडला.

आन सव्वाचारला बस आली.

आई शप्पथ, तीच बस! एकेक बाई खाली उतरली. कपाळभर कुंकू, लुगड्यांचे, साड्यांचे काठ ओले. कुणी माझ्याकडं बघंना. शाळेच्या फाटकातून थेट रांगेत. नव्वदीची नागुबाई, जिला भाकरीचं टोपलं उचलत न्हाई, ती लताच्या खांद्यावर हात ठेवून चालून राहिली होती. सिंधुबाई तिथंच मटकन खाली बसली. गावचे बाप्ये वाटेच्या कडेला आपसूक सरकले. अशी चिडीचूप रांग म्या देवळातबी बघितली न्हाई.

मी मायकडं पळालो. "माय, देवीच्या वाटेवरून माघारी? कोप व्हईल की!"

"कशाचा कोप?" माय म्हणली. "नांदेडात गोदागंगेची ओटी भरली. तिला म्हणलं, रेणुकेला तूच सांग, आम्हाला गावात काम हाय. दिवसभर घाटावर बसलो. लवकर आलो असतो तर तू दुसरं काहीतरी काढलं असतंस. तू माझंच लेकरू, मला म्हाईत न्हाई व्हय?"

"अगं, दुकान आपलं हाय!"

"म्हणून तर," ती म्हणली. "तीस वर्षं माझी देवी त्या लिंबाखाली उभी होती, भुजंगा. मी जाळीतून बघत बसले." आन ती रांगेत जाऊन उभी राहिली.

करायला गेलो गणपती आन झाला मारुती. सांजच्याला निकाल लागला. आडवी चारशे अकरा, उभी तीन.

मी दुकानात गेलो. माझ्या आज्याचा नेम होता, दुकानदारानं पिऊ न्हाई. तीन पिढ्या आम्ही तो पाळला. पण त्या सांजेला माझं टाळकं असं फिरलं होतं की म्या एक बाटली उचलली, झाकण फोडलं आन ओट्यावर येऊन बसलो. आजा गेला, आबा गेले, आता दुकानबी गेलं. बाटली तोंडापर्यंत नेली.

तवा म्होरं नजर गेली. रस्त्याच्या पल्याड, लिंबाखाली, माझी माय उभी होती. तिच्यामागं लता, नागुबाई, सिंधुबाई, बसमधल्या समद्या. कुणी हसत नव्हतं. इतकी वर्षं जाळीच्या अल्याड बसलेली माझी माय आज पल्याड होती आन तिनं हाक दिली, "भुजंगा, चल घरी."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. अख्खी बाटली भुईला सांडली आन म्या रस्ता ओलांडला.